एकाच घरात इसब आणि सोरायसिस, मग पू एकालाच का होतो?

गेल्या अंकात त्वचेवर राहणाऱ्या जंतूंबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आलेत. सगळे घेता येणार नाहीत, पण बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, म्हणून तेवढेच निवडले. आधी एक सांगून ठेवते, मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, औषध लिहून देणारी डॉक्टर नाही, त्यामुळे 'कोणती गोळी घेऊ' याचं उत्तर इथे मिळणार नाही. कारण काय, आतमध्ये नेमकं काय घडतं, ते मात्र सांगते.

प्रश्न : मॅडम नमस्कार, आम्ही यावल तालुक्यातले, केळीची शेती आहे. माझा मुलगा सहा वर्षांचा, त्याला कोपराच्या खळग्यात आणि गुडघ्यामागे इसब आहे, ते दर थोड्या दिवसांनी चिघळतं, पाणी येतं, पिवळी खपली धरते. आणि आमचे आप्पा, म्हणजे सासरे, त्यांना कितीतरी वर्षांपासून सोरायसिस, पाठ कोपर गुडघे सगळं भरलेलं, भेगा पडून रक्त येतं, तसेच ते बागेत जातात, चिखल लागतो, केळीचा चीक लागतो, पण त्यांना कधी पू झालेला मी तरी पाहिला नाही. सासूबाई म्हणतात, "पोऱ्यानं आंगच कच्चं शे." खरंच असं असतं का?

उत्तर : ताई, तुमचं निरीक्षण एकदम बरोबर आहे, आणि हाच प्रश्न जर्मनीतल्या कील शहरातल्या डॉक्टरांना पण पडला होता. त्यांनी १९८७ साली पेशंटचे आकडे मांडले, तर इसबाच्या (इथे इसब म्हणजे लहानपणापासूनचा, ॲलर्जीवाला ॲटॉपिक प्रकार) सुमारे ३० टक्के लोकांना त्वचेचं बॅक्टेरिया किंवा व्हायरसचं इन्फेक्शन झालेलं होतं आणि सोरायसिसवाल्यांमध्ये फक्त ७ टक्क्यांच्या आसपास. आता बघा ना, दोन्हीकडे चामडी फाटलेली, दोन्हीकडे खाज, खपल्या, लाली, उलट सोरायसिसची चामडी दिसायला जास्त भयंकर, मग जंतू एकाच्याच चामडीत का शिरतात?

उत्तर सापडलं ते आप्पांच्या अंथरुणातून आपण रोज झाडून टाकतो त्या कोंड्यात. गंमत नाही करत. कीलच्याच लोकांनी सोरायसिसच्या पेशंटच्या अंगावरून पडलेल्या खपल्या गोळा केल्या, त्यातली प्रोटीन वेगळी काढली आणि १९९७ साली त्यातून एक छोटंसं प्रोटीन हाती लागलं जे बॅक्टेरिया मारतं, त्याला नाव दिलं ह्यूमन बीटा डिफेन्सिन-२. पुढे २००१ मध्ये परत खपल्यांमधूनच तिसऱ्या नंबरचं डिफेन्सिन मिळालं, आणि हे तिसरं स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाच्या, म्हणजे गळू-पू करणाऱ्या जंतूवर चांगलंच जोरात चालतं. त्याच्याही आधी, १९९१ साली, डेन्मार्कमध्ये सोरायसिसच्या चामडीत एक प्रोटीन सापडलं होतं, सोरायसिसवरूनच त्याचं नाव सोरायसिन पडलं, पण ते करतं काय हे बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. २००५ मध्ये कळलं की निरोगी चामडीवर ई. कोलाय, म्हणजे आपल्या आतड्यातला जंतू, टिकत नाही तो या सोरायसिनमुळे. प्रयोग साधाच होता, चामडीवर सोरायसिनला अडवणारी अँटीबॉडी लावली, तर ई. कोलाय जिवंत राहिला.

या सगळ्या प्रोटीनना मिळून अँटीमायक्रोबियल पेप्टाइड म्हणतात, म्हणजे आपल्याच पेशी बनवतात ती जंतूमारक प्रोटीन. अँटिबायोटिकसारखं काम, पण घरचं. यातल्या बऱ्याच जणांवर पॉझिटिव्ह चार्ज असतो, बॅक्टेरियाच्या आवरणावर निगेटिव्ह असतो, ती जाऊन त्याला चिकटतात आणि आवरण फोडतात. आपल्या स्वतःच्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला तसा चार्ज नसतो म्हणून आपण बऱ्यापैकी सुरक्षित राहतो. अजून एक महत्त्वाचं नाव लक्षात ठेवा, एलएल-३७, कॅथेलिसिडिन नावाच्या घराण्यातलं, ३७ अमिनो ॲसिडची साखळी आहे म्हणून ३७. हे नाव पुढे परत येणार आहे.

निरोगी, न दुखावलेल्या चामडीत एलएल-३७ आणि डिफेन्सिन-२ अगदी नावापुरते असतात. जखम झाली, सूज आली की पेशी ती बनवायला लागतात. २००२ साली अमेरिकेतल्या डॉनल्ड लेउंग आणि रिचर्ड गॅलो यांच्या टीमने इसबाची सुजलेली चामडी आणि सोरायसिसची सुजलेली चामडी शेजारी शेजारी ठेवून तपासली, तर सोरायसिसमध्ये ही दोन्ही भरपूर आणि इसबात फारच कमी. त्यांनी हेही दाखवलं की दोन्ही एकत्र असली तर स्टॅफिलोकोकस मारण्याची ताकद नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होते. म्हणजे पोराकडे दोन्ही कमी, आप्पांकडे दोन्ही भरपूर. पेशंट मोजकेच होते त्या अभ्यासात, पण तेव्हापासून हा विषय उघडला. नंतरच्या कामात थोडी दुरुस्ती झाली ती पण सांगते, इसबाच्या चामडीत ही प्रोटीन बनतच नाहीत असं नाही, निरोगी चामडीपेक्षा जास्त पण बनतात, पण जेवढी गरज आहे त्या मानाने कमी पडतात.

कमी का पडतात? इथे सासूबाईंचं 'कच्चं अंग' जरा बाजूला ठेवू. इसबात जी सूज असते तिच्यात इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ नावाचे दोन निरोप्या रेणू फार असतात, आणि ते चामडीच्या पेशींना ही प्रोटीन बनवण्यापासून अडवतात. सोरायसिसची सूज वेगळ्या निरोप्यांवर चालते, इंटरल्युकिन-१७ आणि २२, आणि ते नेमकं उलटं करतात, प्रोटीनचं प्रॉडक्शन चढवतात. म्हणजे मुलाचं अंग कच्चं नाहीये, त्याची इम्युनिटी झोपलेली पण नाहीये, ती चांगली जागी आहे पण भलत्या दिशेने कामाला लागलीय.

आणि मग दुष्टचक्र सुरू होतं. वेगवेगळ्या देशातले अभ्यास एकत्र करून पाहिलं तर इसबाच्या चट्ट्यांवर साधारण ७० टक्के पेशंटमध्ये हा स्टॅफिलोकोकस सापडतो. तो नुसता बसून राहत नाही, विषं सोडतो, सूज वाढवतो. २०२३ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं की हा जंतू व्ही-८ नावाचं एक एन्झाइम सोडतो आणि ते थेट खाजेच्या नसांना चेतवतं. म्हणजे जंतू स्वतःच खाजवायला लावतो, खाजवलं की चामडी फाटते, फाटली की जंतू अजून आत. तर पोरगं रात्रभर खाजवतं तेव्हा त्याच्यावर ओरडू नका हो, हात धरून ठेवण्यापेक्षा नखं कापा, आणि चिघळण्याची वाट न बघता इसबाची मूळ सूज आटोक्यात ठेवायला डॉक्टर जे क्रीम देतात ते सांगितलंय तसं पूर्ण लावा. बऱ्याच घरांत ते भीतीपोटी अर्धवट लावलं जातं आणि मग दर वेळी अँटिबायोटिक घ्यायची पाळी येते.

एक धोक्याची गोष्ट मात्र ठळक सांगते. एलएल-३७ हर्पिसच्या, म्हणजे ओठावर फोड उठवणाऱ्या, व्हायरसवर पण काम करतं, आणि इसबाच्या मुलात ते कमी असल्यामुळे कुणाच्या ओठावर जर उठलं असेल आणि त्याने मुलाचा मुका घेतला तर व्हायरस अंगभर पसरू शकतो. सारख्या आकाराचे बारीक फोड, मग ते फुटून गोल गोल खड्डे, सोबत ताप, पोर मलूल, असं दिसलं तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, आणि डोळ्याजवळ असेल तर अजून घाई.

प्रश्न : धुळ्याहून लिहितोय, वय २७, डोक्यात आणि कोपरावर सोरायसिस. तुमच्या एका लेक्चरमध्ये ऐकलं की आमच्या चामडीत जंतूमारक प्रोटीन जास्त असतात. मग चांगलंच आहे की! आणि ज्यांना कमी आहेत त्यांच्यासाठी क्रीम का बनवत नाहीत? मी इम्युनिटीसाठी रोज गुळवेलचा काढा घेतो, त्याने फरक पडेल का?

उत्तर : भाऊ, जखम पिकत नाही एवढ्यापुरतं चांगलं, बाकी चांगलं नाही. कारण तुमच्याकडे जे जास्त आहे तेच तुमचा आजार पेटता ठेवतंय असं दिसतं. २००७ साली मिशेल जिलिए यांच्या टीमने अमेरिकेत ह्यूस्टनला हे दाखवलं. कुठेही खरचटलं की काही पेशी मरतात आणि त्यांचा डीएनए बाहेर सांडतो, एरवी आपली इम्युनिटी स्वतःच्या डीएनएकडे लक्ष देत नाही. पण एलएल-३७ पॉझिटिव्ह, डीएनए निगेटिव्ह, दोघं एकमेकांना घट्ट चिकटतात आणि त्या गोळ्याला काही इम्यून पेशी व्हायरस समजतात. शेताचा राखणदार रात्री घरच्याच माणसाला चोर समजून शिट्ट्या मारतो आणि सगळं गाव काठ्या घेऊन धावतं, तसं. मग इंटरफेरॉन नावाचा निरोप्या रेणू सुटतो, सूज वाढते, सूज वाढली की पेशी अजून एलएल-३७ बनवतात. सोरायसिस जिथे खरचटलं तिथे उठतो हे तुम्ही पाहिलं असेल, दाढी करताना कापलं, पट्टा घासला, तिथे चट्टा, त्याचा एक धागा इथे जोडला जातो. म्हणून केस विंचरताना खपल्या नखाने उकरू नका, कितीही वाटलं तरी.

तुमच्या 'क्रीम का नाही' या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. मायकेल झॅस्लॉफ नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ बेडकांवर काम करायचे, ऑपरेशन करून बेडूक परत त्या गढूळ पाण्याच्या टाकीत सोडून द्यायचे, आणि त्यांच्या लक्षात आलं की एवढ्या घाण पाण्यात टाके पिकत नाहीत. १९८७ मध्ये त्यांनी बेडकाच्या चामडीतून जंतूमारक पेप्टाइड काढली, नाव मॅगेनिन. त्यावरून डायबेटिसवाल्यांच्या पायाच्या जखमेसाठी पेक्सिगॅनन नावाचं क्रीम तयार झालं, पण १९९९ ला अमेरिकन एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, मंजुरी नाकारली, आधीपासून असलेल्या औषधांपेक्षा ते सरस आहे हे सिद्ध झालं नाही. त्यात इसबासाठी एलएल-३७ बाहेरून ओतायचं तर आत्ताच वाचलंत ना ते काय करू शकतं. रोझेशिया, म्हणजे चेहरा लाल होण्याचा जो आजार असतो, त्यातसुद्धा कॅथेलिसिडिन जास्त आणि चुकीच्या तुकड्यांत कापलेलं सापडतं. कमी पडलं तरी आजार, जास्त झालं तरी आजार, त्यामुळे 'इम्युनिटी वाढवा' हा जो सल्ला धुळ्यापासून दुबईपर्यंत फॉरवर्ड होत असतो तो या दोन आजारांत नेमकं काय वाढवायला सांगतोय हे मला आजवर कळलेलं नाही. सोरायसिसमध्ये तर बहुतेक औषधं इम्युनिटीचा ठराविक भाग खाली आणायलाच असतात!

काढ्याबद्दल एवढंच, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटना लिव्हरचा त्रास झाल्याचं प्रसिद्ध केलं, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. पण तुम्ही जर सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी घेत असाल तर त्या गोळीचा स्वतःचाच लिव्हरवर भार असतो, तेव्हा काढा चालू आहे हे डॉक्टरांपासून लपवू नका. आणि घसा सारखा धरत असेल तर तेही सांगा, स्ट्रेप्टोकोकसच्या घशाच्या इन्फेक्शननंतर अंगभर थेंबाथेंबाचा सोरायसिस उठू शकतो, तरुणांमध्ये विशेष.

प्रश्न : भुसावळ. रेल्वेत आहे, ड्युटी उन्हात. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहितीये. घाम आला की माझं इसब नुसतं आग आग करतं, पण वाचलं होतं की घामात जंतू मारायचं औषध असतं, मग घाम पुसू की राहू देऊ?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून तर गोंधळ होतो. २००१ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगनला घामात डर्मसिडिन नावाचं पेप्टाइड सापडलं. डिफेन्सिनसारखं ते जखम होण्याची वाट बघत नाही, घामाच्या ग्रंथी ते कायम बनवत असतात आणि घामाबरोबर अंगभर पसरतं. पण त्याच लोकांनी पुढे तपासलं तर इसबाच्या पेशंटच्या घामात डर्मसिडिन कमी निघालं. म्हणजे तुमच्या वाट्याला घामाचा फायदा कमी आणि त्रास पुरा. त्रास कशाचा, तर एक म्हणजे वाळलेल्या घामाचं मीठ, आणि दुसरं, जपानमधल्या हिरोशिमाच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये दाखवलं की चामडीवर राहणाऱ्या मॅलासेझिया नावाच्या यीस्टचं एक प्रोटीन घामात उतरतं आणि इसबाच्या कित्येक पेशंटना त्याचीच ॲलर्जी असते.

घाम येऊ द्या, ४५ डिग्रीत तो थांबवायला जाल तर जीवावर बेतेल. फक्त अंगावर वाळू देऊ नका. डब्याच्या सुट्टीत साध्या पाण्याने कोपर-मान धुवा, टिपून घ्या, घासू नका, सुती बनियन बदलायला जवळ ठेवा. पावडर मात्र थापू नका, चिघळलेल्या जागी तर नाहीच.

प्रश्न : शहाद्याहून. मुलीला इसब, नऊ वर्षांची. आम्ही आंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला उकळून टाकतो, वर झाकणभर अँटिसेप्टिक. शेजारच्या म्हणतात जंतूच नकोत तर इन्फेक्शन कुठून होणार. तरी चिघळतंच.

उत्तर : शेजारच्यांना सांगा की सगळे जंतू घालवायचे नसतात. गॅलोंच्याच टीमने २०१७ मध्ये काय दाखवलं बघा, निरोगी माणसाच्या चामडीवर स्टॅफिलोकोकसचेच काही सज्जन भाऊबंद राहतात, एपिडर्मिडिस आणि होमिनिस, आणि त्यांच्यातले काही स्वतःच पेप्टाइड बनवून ऑरियसला मारतात. इसबाच्या पेशंटमध्ये असे मारणारे भाऊबंद फार कमी होते. त्यांनी पेशंटच्या अंगावरूनच ते वेगळे काढले, वाढवले, क्रीममध्ये घालून त्याच पेशंटच्या हाताला लावले तर ऑरियस कमी झाला. मला हा प्रयोग सगळ्यात आवडतो, कारण स्वतःची प्रोटीन कमी पडली तर उसनी कुठून येतात ते इथे दिसतं. आता झाकणभर अँटिसेप्टिक ओतलं की हे मित्र पण जातात, आणि चामडी जळजळते ते वेगळंच.

दुसरं, निरोगी चामडी थोडी आंबट असते, पीएच साधारण ४.५ ते ५.५, आणि ऑरियसला हा आंबटपणा मानवत नाही. आपला साबण, खास करून कपड्याची वडी (हो, अजूनही काही घरांत तीच अंगाला लावतात, मी पाहिलंय) अल्कलाइन असतो, तो हे बिघडवतो. इसबात आधीच बिघडलेलं असतं.

कडुलिंबात जंतूमारक गुण आहेत, नाही म्हणत नाही मी, पण कच्च्या, फाटलेल्या चामडीवर उकळलेल्या पाल्याचं कडक पाणी त्रासच देतं. मग काय करायचं? कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरकायची, साबण सौम्य आणि तोही बगल-पाय एवढ्यालाच, बाहेर आल्याबरोबर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर भरपूर. महागडंच पाहिजे असं नाही, २००८ मध्ये फिलिपिन्समध्ये मोठ्या माणसांवर व्हर्जिन खोबरेल तेल आणि ऑलिव्ह ऑइल लावून तुलना केली होती, त्यात खोबरेलवाल्यांच्या चामडीवरचा ऑरियस जास्त कमी झाला. वरून सुगंध, कापूर-बिपूर न घातलेलं शुद्ध खोबरेल बघा. पण चिघळलेल्या, पाणी येणाऱ्या जागेवर तेल चोपडत बसू नका, ते आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : अमळनेर. माझं इसब थंडीत वाढतं, उन्हाळ्यात बरं असतं. एकाने सांगितलं व्हिटॅमिन डीने ही प्रोटीन वाढतात. इंजेक्शन घेऊन टाकू का?

उत्तर : ज्याने सांगितलं त्याने अर्धं बरोबर सांगितलं. माणसाच्या कॅथेलिसिडिनच्या जीनवर व्हिटॅमिन डीसाठी एक खास बटण आहे, २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या टीमने टीबीच्या संदर्भात ते छान मांडलं. इसबाच्या काही पेशंटना २००८ साली तीन आठवडे रोज ४००० युनिट दिले तर चट्ट्यातलं कॅथेलिसिडिन खरंच वाढलं. पण प्रोटीन वाढणं वेगळं आणि पेशंटला बरं वाटणं वेगळं. मंगोलियात, जिथली थंडी म्हणजे आपल्या धुळ्याची थंडी काहीच नाही, २०१४ मध्ये ज्यांचं इसब हिवाळ्यात वाढतं अशा १०७ मुलांना महिनाभर रोज १००० युनिट किंवा नुसती खोटी गोळी दिली, तर व्हिटॅमिनवाल्यांना जास्त आराम पडला. इतर ठिकाणचे निकाल इतके सरळ नाहीत. म्हणून टेस्ट करा, कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं घ्या. मोठमोठी इंजेक्शनं मनानेच टोचून घेऊ नका, जास्तीचं डी रक्तातलं कॅल्शियम वाढवतं आणि किडनीला त्रास होतो. तुमच्या थंडीच्या त्रासाला मला तरी आधी कोरडी हवा आणि कढत पाण्याची आंघोळ जबाबदार वाटते.

प्रश्न : पाचोरा. मेडिकलवरून एक ट्यूब आणतो, दोन दिवसात इसब गायब, बंद केली की दुप्पट. त्यात बुरशीचं, जंतूचं, खाजेचं सगळंच औषध आहे म्हणे.

उत्तर : 'खाजेचं' म्हणजे स्टिरॉइड, आणि बहुतेक वेळा चांगलंच कडक. स्टिरॉइड वाईट नाही, वर यावलच्या ताईंना मी तेच लावा म्हटलं, पण ते डॉक्टरांनी जागा बघून, वय बघून दिलेलं. सगळं एकत्र कोंबलेल्या ट्यूबमध्ये अँटिबायोटिक विनाकारण चोळलं जातं आणि ऑरियस त्याला सरावतो, आणि खाज जर मुळात गजकर्णाची असेल तर स्टिरॉइडने वरून लाली जाते पण आतून बुरशी पसरते, मग ते ओळखू पण येत नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकू नका असा नियम केला. तरी मिळतात, ते तुम्हीच लिहिलंय. ट्यूब घेऊन स्किनच्या डॉक्टरांकडे जा, रिकामी असली तरी, त्यांना नाव कळू द्या.

प्रश्न : चाळीसगाव. इसबाची आणि सोरायसिसची नवीन इंजेक्शनं आली आहेत, त्याने इन्फेक्शन वाढतं का?

उत्तर : वरचं सगळं वाचलं असेल तर उत्तराचा अंदाज तुम्हालाच येईल. इसबाचं ड्युपिलुमॅब इंटरल्युकिन-४ आणि १३ दोघांचा निरोप अडवतं, म्हणजे चामडीची प्रोटीन दाबून ठेवणारेच गप्प होतात, त्यामुळे ते घेणाऱ्यांच्या चामडीवरचा ऑरियस कमी होतो आणि त्वचेची इन्फेक्शन पण कमी दिसली. डोळे लाल होण्याचा त्रास मात्र काहींना होतो. सोरायसिसचं सेक्युकिनुमॅब इंटरल्युकिन-१७ ला अडवतं, आणि १७ हे कँडिडा नावाच्या बुरशीपासून आपल्याला जपतं, म्हणून तोंडात किंवा जांघेत कँडिडा होण्याचं प्रमाण थोडं वाढतं, बहुतेक वेळा साध्या औषधाने आवरतं. सोरायसिसची अशी इंजेक्शनं सुरू करण्याआधी आपल्याकडे टीबीची तपासणी करतात, ती टाळू नका. किंमत ऐकून घाम फुटतो हे खरं आहे, आणि सगळ्यांना त्यांची गरज पण नसते.

प्रश्न : शिरपूर. माझ्या हाताला सोरायसिस आहे. श्रावणात कानबाईच्या रोटाला जावांनी मला पीठ मळू दिलं नाही, म्हणे लागतं. नवरा पण काही बोलला नाही. खरंच लागतं का ताई?

उत्तर : नाही लागत. हातात हात घेतल्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, मळलेल्या पिठातून पण नाही. सोरायसिस जंतूंचा आजारच नाही, उलट तुमच्या त्या चट्ट्यांमध्ये जंतू मारणारी प्रोटीन तुमच्या जावांच्या हातांपेक्षा जास्त असतील. हे पान नवऱ्यालाच आधी वाचायला द्या, जावांना तो सांगेल. पीठ तुम्हाला लागेल कदाचित, म्हणजे भेगा पडलेल्या असतील तर मिठाचं पाणी झोंबेल आणि कणीक भेगेत जाऊन खेचेल, तेव्हा मळायच्या आधी रात्री व्हॅसलीन लावून सुती हातमोजे घालून झोपा, आणि भेग ताजी असेल त्या दिवशी मळण्याचं काम जावांना खुशाल करू द्या, तुम्ही रोट भाजा.